मागचं घर

कॉरी गावच्या किनाऱ्यावर, भरतीची रेघ आणि ओहोटीची रेघ यांच्या मधल्या पट्ट्यात, १८८९ साली एका पोलीस शिपायानं बुटांचा एक जोड पुरला. बूट खून झालेल्या माणसाचे होते. खरं तर तो पुरावाच. कोर्टापुढे यायला हवा होता. ते का पुरले, यावरून एडिंबराच्या कोर्टात बरीच उलटतपासणी झाली, पण धड कारण बाहेर आलं नाही. कॉरीतल्या बायकांना मात्र कारण विचारायची गरज पडली नाही. मेलेल्याचे बूट समुद्राच्या पाण्याखाली राहिले, की मेलेला चालत परत येत नाही.

ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली ती १९९८च्या जुलैत, लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळी सुट्टीत, सलग तिसऱ्या पावसाळी दिवशी. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पत्ते मांडलेले, खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळत असलेलं, आणि दाराशी माझे नवेकोरे ट्रेकिंगचे बूट, तीन दिवसांत उंबरठाही न ओलांडलेले. सासूबाईंनी त्या बुटांकडे एकदा पाहिलं आणि पानं पिसता पिसता सुरुवात केली.

सासूबाई म्हणते खरी, पण तिकडे या नात्याला हाकच नाही. सुना सासूला सरळ नावानं हाक मारतात. माझी जीभ काही त्या नावावर वळेना. वर्ष-दीड वर्ष मी हाक न मारताच बोलत होते. मग मुलगी झाली, ती त्यांना ‘नॅना’ म्हणू लागली आणि तिच्या मागोमाग मीही. त्या मला पहिल्या दिवसापासून ‘हेन’ म्हणतात. ग्लासगोत बाया एकमेकींना लाडानं असंच म्हणतात, कोंबडी! आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती जरा थांबून म्हणाली, “असू दे. आपण नाही का चिमणी म्हणत?”

कॉरी ज्या बेटावर आहे ते अ‍ॅरन, क्लाइड नदीच्या रुंद मुखातलं. मुख्य भूमीवरून तासाभराची बोट. बेटाला वळसा घालणारा रस्ता नव्वदेक किलोमीटरचा, वस्ती पाच हजारांच्या आत. दक्षिणेला कुरणं आणि शेतं, उत्तरेला ग्रॅनाइटचे सुळके. एअरशरच्या किनाऱ्यावरून पाहिलं तर ते सुळके उताण्या निजलेल्या माणसासारखे दिसतात. लोक त्याला निजलेला योद्धा म्हणतात. दिसले तर. अ‍ॅरन दिसत असेल तर पाऊस येणार आहे आणि दिसत नसेल तर तो पडतोय, हा तिकडचा घासून गुळगुळीत झालेला विनोद आहे. पहिल्या सुट्टीत मला तो विनोद वाटला, दुसऱ्या सुट्टीत हवामान खात्याचं निवेदन.

बेटावरचा सर्वांत उंच डोंगर गोटफेल, ८७४ मीटर. मी पुण्याहून आलेली. कळसूबाई दोनदा, हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेनं, राजगड किती वेळा ते मोजलेलं नाही. ८७४ हा आकडा ऐकून मी मनातल्या मनात त्याला टेकडी म्हटलं. स्कॉटलंडमध्येही त्याला पहिल्या रांगेत जागा नाही. १८९१ साली सर ह्यू मन्रो यांनी तीन हजार फुटांवरच्या डोंगरांची यादी केली. ते सगळे डोंगर पुरे करायचे म्हणून माणसं आयुष्यभर झिजतात. गोटफेल भरतो २८६६ फूट. १३४ फुटांनी हुकला.

पण सह्याद्रीत आपण पायथ्याच्या गावापर्यंत एसटीनं निम्मं चढून आलेलो असतो. इथे पायथा म्हणजे समुद्र. भरतीच्या पाण्यात पाय बुडवून निघायचं आणि सगळेच्या सगळे ८७४ मीटर स्वतःच्या पायांनी चढायचे. शिवाय अटलांटिकवरून येणाऱ्या ओल्या वाऱ्याच्या वाटेत पश्चिमेला किंटायरची बुटकी पट्टी सोडली तर अडवायला फारसं काही नाही. तो वारा अ‍ॅरनच्या सुळक्यांवर आदळतो, वर चढतो, गार होतो आणि ढग होतो. खाली कॉरीत पोरं अर्ध्या चड्डीत सील माशांना बघत असतात, त्याच वेळी माथ्यावर हवा सहा अंशांनी थंड असते आणि वारा उभं राहू देत नाही. मासे म्हटलं सवयीनं; सील हे मासे नव्हेत, हे मुलीनं मला त्याच किनाऱ्यावर शिकवलं.

विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली एक साधा हिशेब घालून दिला: दर तीन मैलांना एक तास, आणि वर दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक तास. आजही लोक तोच लावतात. कॉरीतून गोटफेलचा माथा त्या हिशेबानं सुमारे अडीच तास. नॅनांच्या हिशेबात त्यापुढे आणखी एक कलम असतं: “आणि ढग उठायची वाट बघण्यात चार दिवस.”

सकाळी उठल्यावर त्या आधी खिडकीशी जातात. “टोपी घातलीय,” म्हणाल्या की तो दिवस गेला. टोपी कानांपर्यंत आली असेल तर दुसराही गेला. हवामानाचं हे वाचन त्यांच्या आजीचं. ती कॉरीचीच, गेलिक बोलणारी. दक्षिणेकडे समुद्रातून वर आलेला एल्सा क्रेग नावाचा खडक हात लावावा इतका जवळ आणि स्वच्छ दिसला, की संध्याकाळपर्यंत पाऊस, हे तिचंच. कोकणात आमची मावशी समोरचं बेट जवळ आल्यासारखं दिसलं की वाळत घातलेली आमसुलं आत घ्यायची. दोघींना एकमेकींचं म्हणणं दुभाष्याशिवाय कळलं असतं.

पावसाला तिकडे शब्दांची ददात नाही. ‘स्मर’ म्हणजे इतका बारीक पाऊस, की पडतो कधी ते कळत नाही, फक्त पापण्या जड होतात. आपल्या भुरभुरीहूनही हलका. जमिनीवर आपटून थेंब गुडघ्यापर्यंत उसळला की तो ‘स्टोट’ होतो. आणि ‘ड्रीख’ हा तर नुसता पाऊसच नव्हे. तो राखाडी, ओला, न संपणारा अख्खा दिवस, त्यातल्या माणसांच्या मनःस्थितीसकट. श्रावणातली झड त्याच्या जवळची, पण झडीला आपल्याकडे भजी असतात. डोंगरावरच्या धुक्याला मात्र नॅना गेलिक शब्द वापरतात, ‘क्यो’. आजीकडून त्यांच्याकडे आलेले जे पाच-सात गेलिक शब्द आहेत त्यांतला हा एक. उरलेल्यांतले निम्मे शिव्या आहेत. आजीनं मुलांना भाषा दिली नाही. ग्लासगोत तिचा उपयोग काय, असा तिचा सवाल होता. अ‍ॅरनची स्वतःची गेलिक बोली बोलणारी शेवटची माणसं १९७०च्या दशकात गेली.

आता बुटांची गोष्ट. ती नॅनांनी किमान वीसदा सांगितली असेल आणि दर वेळी एखादा दगड इकडचा तिकडे होतो. पण सांगाडा खटल्याच्या कागदांतलाच आहे.

एडविन रोझ हा लंडनचा कारकून, वय ३२. सुट्टीला स्कॉटलंडात आला होता. क्लाइडच्या बोटीवर त्याची ओळख एका तरुणाशी झाली. त्यानं स्वतःचं आडनाव अ‍ॅनंडेल सांगितलं; खरं नाव जॉन वॉटसन लॉरी. ते दिवस ग्लासगो फेअरचे. जुलैच्या मध्यावर कारखाने, गोद्या, दुकानं एकदम बंद व्हायची आणि सगळं शहर क्लाइडवरून खाली, बेटांकडे लोटायचं. अ‍ॅरनच्या ब्रॉडिक गावात खोली मिळेना. दोघांनी एका बाईच्या घराला लागून काढलेली लाकडी पडवी भाड्यानं घेतली. १५ जुलैला दोघं गोटफेलवर गेले. माथ्यावर त्यांना इतरांनी पाहिलं. त्यानंतर रोझला जिवंत कुणी पाहिलं नाही. लॉरी रात्री कॉरीच्या हॉटेलात एकटाच दारू प्यायला आणि दुसऱ्या सकाळी भाडं न देता बोटीत बसला.

रोझचा भाऊ शोधत आला. शेकडो माणसं डोंगर धुंडाळत होती. ४ ऑगस्टला सॅनॉक्सच्या बाजूच्या एका घळीत कॉरीच्या एका मच्छीमाराला प्रेत सापडलं, मोठ्या शिळेखाली सरकवलेलं आणि पुढे दगड रचून भिंत घातलेलं. लॉरीचं म्हणणं, मी लुटलं, पण मारलं नाही; तो पडून मेला. पंधरा पंचांपैकी आठांनी त्याला दोषी ठरवलं. फाशीची शिक्षा झाली, ती वेडाच्या कारणावरून रद्द झाली आणि लॉरी १९३० साली पर्थच्या तुरुंगात म्हातारा होऊन मेला. रोझची कबर सॅनॉक्सच्या दफनभूमीत आहे. तिच्यावर एक ओबडधोबड ग्रॅनाइटची शिळा ठेवलेली आहे, आणि ती कुणाला सुचली असेल याचं मला नेहमी नवल वाटतं.

नॅनांची आजी तेव्हा १३ वर्षांची होती. शोधायला जाणाऱ्या माणसांसाठी तिच्या आईनं भाजलेल्या ओटच्या भाकऱ्या तिनं वाटेपर्यंत पोचवल्या होत्या. गोष्टीत एवढंच असतं, तर ती एवढ्या निगुतीनं घरात टिकली नसती. पण लॉरी होता स्प्रिंगबर्नच्या अ‍ॅटलस वर्क्समधला कारागीर. ओतकामासाठी लाकडी फर्मे करायचा. आणि स्प्रिंगबर्न म्हणजे ग्लासगोतली ती वस्ती, जिथे जगाची आगगाडीची इंजिनं बनत. त्याच कारखान्यात त्या वर्षी एक १५ वर्षांचा पोरगा उमेदवारी करत होता. पुढे काही वर्षांनी फेअरच्या सुट्टीत तो कॉरीला आला, विहिरीवरच्या मुलीला म्हणाला, मी लॉरीच्याच कारखान्यातला, आणि ती घागर खाली ठेवून ऐकत राहिली. हे नॅनांचे आजोबा. लॉरीला त्यांनी प्रत्यक्षात कधी पाहिलं होतं का, याबद्दल घरात दोन मतं आहेत. नॅनांचं मत, मुळीच नाही.

“म्हणजे तुमच्या घराण्याचं मूळ एका खुनात,” मी एकदा म्हटलं.

“आणि एका थापेत, हेन.”

१९०३ साली ग्लासगोतल्या तीन मोठ्या कारखान्यांची मिळून नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनी झाली. अ‍ॅटलस त्यांतलाच. नॅनांचे वडीलही तिथेच बॉयलरच्या खात्यात. तयार इंजिन रस्त्यावरून ओढत फिनिस्टनच्या धक्क्यावर नेत. तिथे १९३१ सालची १७५ टन उचलणारी क्रेन होती; ती इंजिनाला आडवं उचलून बोटीत ठेवी. रस्त्यातून इंजिन निघालं की शाळेतली पोरं मागे धावत. कुठे चाललंय, असं विचारलं की वडिलांचं उत्तर बहुतेक वेळा एकच असे: इंडिया.

हे ऐकलं त्या दिवशी मी पत्ते खाली ठेवले. माझे आजोबा भुसावळच्या शेडमध्ये फायरमन होते, नंतर ड्रायव्हर झाले. स्वातंत्र्यानंतर आलेल्या डब्ल्यूजी जातीच्या मालगाडीच्या इंजिनांचं त्यांना फार कौतुक. त्या जातीची पहिली इंजिनं याच कंपनीनं बांधली होती. आजोबा सांगायचे, इंजिनावर पितळी पाटी असायची, मी रोज पुसायचो, तिच्यावर ‘ग्लासगो’ लिहिलेलं असायचं. ते गाव कुठे आहे, असं त्यांना विचारायचं आम्हाला कधी सुचलं नाही. १९४६ साली नॅनांच्या घरच्या कॉरीच्या सुट्टीचे पैसे कुठून आले, हे मला तेव्हा नीट समजलं. कंपनी १९६२ साली बुडाली. आजोबांच्या निवृत्तीच्या समारंभातला फोटो मी नॅनांना दाखवला. त्यांनी माणसांकडे पाहिलंच नाही. चष्मा वर करून मागच्या इंजिनाच्या बॉयलरवर बोट ठेवलं आणि बराच वेळ गप्प राहिल्या.

तर १९४६. नॅना आठ वर्षांच्या. युद्ध संपलेलं, पण रेशन नव्हे. युद्धभर मोकळा असलेला पाव नेमका शांततेत रेशनवर आला, २१ जुलै १९४६पासून, म्हणजे ऐन फेअरच्या सुट्टीत. नॅनांच्या आईनं वेताचा मोठा पेटारा आठवडाभर आधी आगगाडीनं पुढे पाठवलेला: चादरी, भांडी, डबाबंद मांस, रेशनची पुस्तकं मात्र अंगाशी. मग स्टेशन, मग बोट, मग ब्रॉडिकच्या धक्क्यावरून बस, आणि कॉरी.

उन्हाळ्यात बेटावरची माणसं स्वतःच्या घरात राहत नसत. राहतं घर ग्लासगोच्या पाहुण्यांना भाड्यानं द्यायचं आणि आपण कुटुंबासह परसात मागे बांधलेल्या लहानशा घरात जायचं. त्याला सगळे मागचं घर म्हणत. जाड भिंतीची एक-दोन दालनं, कधी नुसतीच पत्र्याची शेड. तीन महिने घरची बाई पुढच्या घरात फक्त चूल पेटवायला आणि चादरी बदलायला शिरायची. त्या भाड्यावर हिवाळा निघायचा.

मी धरून चालले होते, की नॅना म्हणजे पुढच्या घरातली पाहुणी पोर. तसं नव्हतं. त्या आजीच्या माहेरच्या. नातलगांकडून भाडं कसं घेणार आणि भाड्याची खोली नातलगांना कशी देणार? त्यामुळे त्या चौदा दिवस मागच्या घरातच, पाच मामेभावंडांसोबत एका गादीवर उभ्या-आडव्या निजत. पुढच्या घरात कुणी दुकानदाराचं कुटुंब असे. त्यांची मुलगी खिडकीत बसून यांच्याकडे बघायची आणि या तिच्याकडे. पाऊस लागला की फरक दिसायचा. पुढच्या घरातली माणसं भाड्याचे दिवस मोजत वैतागायची; मागच्या घरात आजी गोष्टी सांगायची.

१९४१ची गोष्ट तेव्हा ताजी होती. १० ऑगस्ट, रविवार. डोंगरानं टोपी घातलेली. एअरच्या धावपट्टीवरून उडालेलं एक लिबरेटर विमान, विमानं पोचवून अमेरिकेकडे परत निघालेल्या वैमानिकांनी भरलेलं, गोटफेलच्या शेजारी मुलाख ब्विये या कड्यावर आदळलं. २२ जण होते, एकही वाचला नाही. आजीनं ढगाच्या आत विमानाची घरघर ऐकली होती. ती थांबली तेव्हा तिला वाटलं, लांब गेलं असेल. लॅमलॅशच्या जुन्या दफनभूमीत त्या माणसांच्या कबरी ओळीनं आहेत. विमानाचे वाकलेले तुकडे अजून वर दगडांत पडलेले दिसतात. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ऊन होतं, आणि इतक्या लख्ख दिवशी इथे कुणी आदळू शकेल यावर माझा विश्वास बसेना. वीस मिनिटांत क्यो आला. मग मला माझाच हात नीट दिसेना.

गोटफेल मला पाचव्या सुट्टीत मिळाला. पहिल्या चार सुट्ट्यांत काय केलं? जे सगळे करतात तेच. ढग खाली आला की दऱ्यांतून चालायचं. लॉकरांझाच्या पुढे किनाऱ्यावर जेम्स हटनचा खडक बघायचा. १७८७ साली तो इथे आला आणि तिरप्या थरांवर वेगळ्याच कोनात बसलेले दुसरे थर पाहून त्यानं ताडलं, की पृथ्वीचं वय बायबलच्या हिशेबात मावणारं नाही. नवरा म्हणतो, त्या दिवशीही पाऊसच असणार, नाही तर हटन वर डोंगरावर गेला असता. चिलटांइतक्या बारीक आणि डासांहून दुष्ट ‘मिज’पासून वाचायला बॉग मर्टलच्या डहाळ्या टोपीत खोचायच्या. आणि सॅनॉक्सच्या दरीत जायचं.

ग्लेन सॅनॉक्स. नाव व्हायकिंगांच्या भाषेतून आलेलं, वाळूची खाडी अशा अर्थाचं. कॉरीपासून दोन-अडीच किलोमीटर. मधून नदी, दोन्ही बाजूंना उभे ग्रॅनाइटचे कडे, टोकाला किर व्होरचा त्रिकोणी सुळका. खिंडीपर्यंत एकही घर नाही. या दरीची चित्रं कॅलेंडरांवर असतात, खाली ‘निसर्गाचं अस्पर्श रूप’ अशा छापाचं काहीतरी लिहिलेलं. दरीच्या तोंडाशी बॅराइटच्या खाणीचे अवशेष दिसतात. १८४०मध्ये ती सुरू झाली आणि १८६२ साली, बेटाचे मालक असलेल्या हॅमिल्टनच्या ड्यूकनं, देखावा बिघडतो म्हणून ती बंद करवली, असं सांगतात.

मुलगी सहा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. स्मर पडत होता. दफनभूमीत रोझची कबर बघून आम्ही दरीत शिरलो. ती अर्थातच नॅनांना बुटांची गोष्ट परत सांगायला लावत होती. कंबरभर उंच नेच्यांत एके ठिकाणी नॅना थांबल्या. खाली दगडांची ओळ होती, गुडघ्याएवढी, शेवाळलेली, चौकोनी वळणाची. पलीकडे उतारावर समांतर उंचवटे, वाफे असावेत तसे.

“इथं माझ्या आजीच्या आजीची चूल होती,” नॅना म्हणाल्या.

मी पुढच्या वाक्याची वाट बघितली. ते आलं नाही. त्या वळल्या आणि मुलीला म्हणाल्या, “तर मग पोलिसानं रात्री कंदील घेतला...”

बाकीचं मी वाचून गोळा केलं, काही लॅमलॅशच्या किनाऱ्यावरच्या स्मारकावर, काही ब्रॉडिकच्या संग्रहालयात. १८२९ साली ही दरी रिकामी केली गेली. ड्यूकच्या जमिनीवर सामाईक कसणाऱ्या कुटुंबांपेक्षा एकच मोठी मेंढ्यांची शेती जास्त खंड देणार होती. एप्रिलमध्ये लॅमलॅशहून ‘कॅलेडोनिया’ नावाच्या शिडाच्या जहाजानं ८६ माणसं कॅनडाला निघाली. अर्धं भाडं ड्यूकनं भरलं. ती क्वेबेकमध्ये मेगँटिकला जाऊन वसली. नॅनांच्या आजीची आजी तेव्हा ११ वर्षांची. तिचे आईवडील जहाजात चढले नाहीत. कॉरीच्या किनाऱ्यावर येऊन राहिले. तिथे जमीन नव्हती, मासे होते. आणि दोन पिढ्यांनी पाहुणे आले, तेव्हा त्यांना द्यायला पुढचं घर होतं.

म्हणजे ज्या ओसाडपणासाठी आम्ही चौदा दिवसांचं भाडं भरून येतो, तो कुणीतरी तयार केलेला होता. ते दगड ओलांडून किती डोंगरयात्री गेले असतील. मीही गेले होते, त्याआधी तीनदा.

एका परक्या पाहुण्याचा खून वीस वेळा सांगितला जातो, बुटांपासून फाशी रद्द होईपर्यंत, तपशिलात चूक झाली तर घरातलं पोर दुरुस्त करतं. आणि स्वतःच्या घराला एक वाक्य. नॅनांना मी एकदा विचारलं, तुमची आजी या दरीबद्दल काय सांगायची? त्या म्हणाल्या, काही नाही. सरपण आणायला आम्ही उलट्या दिशेला जायचो, एवढंच. मला माझ्या आजीच्या एका ट्रंकेची आठवण झाली, जिची किल्ली हरवली आहे असं ती आम्हाला चाळीस वर्षं सांगत आली. पण ते राहू दे.

गंमत म्हणजे नाव मात्र टिकलं, तेही पाण्यावर. १८९२ साली चाकं लावलेली एक आगबोट या मार्गासाठी आली, तिचं नाव ‘ग्लेन सॅनॉक्स’. १९२५ साली टर्बाइनची आली, तीही ‘ग्लेन सॅनॉक्स’. लहानपणी नॅना जात त्या बोटींतली ती एक. १९५७ साली मोटारी वाहणारी आली, तेच नाव. तिच्यावरून नॅना लग्न होऊन नवऱ्यासोबत आल्या. चौथीचं जलावतरण २०१७ साली झालं, खिडक्यांच्या जागी नुसते रंगाचे काळे चौकोन काढून, कारण खऱ्या बसवायच्या राहिल्या होत्या. तिनं पहिले प्रवासी घेतले जानेवारी २०२५मध्ये. एवढ्या वर्षांत तिच्यावर स्कॉटलंडभर जितके विनोद झाले तितके अ‍ॅरनच्या पावसावरही झाले नसतील. रिकामी दरी आणि भरलेली बोट, दोघींचं नाव एक. बोटीवरच्या गर्दीत या नावाचं कुणाला काही वाटत असेलसं दिसत नाही. मलाही कित्येक वर्षं ते नुसतं बोटीचं नाव होतं.

२०२५च्या जुलैत आम्ही तिच्यावरून गेलो. नॅना ८७च्या. डेकवर बसून त्यांनी बोटी मोजल्या: “दुसरी, तिसरी, चौथी. पहिली आजीनं पाहिली.” वारा बरा होता, समोर निजलेला योद्धा नाकापासून छातीपर्यंत स्वच्छ. एल्सा क्रेगही स्वच्छ. नॅनांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. संध्याकाळी पाऊस आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी टोपी भुवयांपर्यंतच होती. मुलगी आता इंजिनिअरिंग शिकते. तिच्या फोनमधल्या अंदाजात अकरानंतर उघडीप होती. आम्ही दोघी निघालो. कॉरीतून वर, पांढरी घरं मागे टाकून, ओढ्याच्या कडेनं. पहिला तासभर घाम, मग झाडी संपली, नेचे संपले, हेदर आणि काळी दलदल, पांढऱ्या कापसाचे तुरे. मोठ्या धोंड्यांच्या कडेवर ब्रॉडिककडची वाट येऊन मिळते, तिथे वाऱ्यानं आम्हाला अक्षरशः बसवलं. वर काही दिसत नव्हतं, खालीही नाही. थेंब आडवे येत होते. उरलेली चढण फार तर दोनशे मीटर. मुलीनं नेस्मिथचा हिशेब केला, वीस-पंचवीस मिनिटं. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं फोनकडे. ढगाच्या आत कुठेतरी दगड घरंगळल्याचा आवाज झाला आणि थांबला. आम्ही फिरलो.

खाली आलो तेव्हा कॉरीच्या बंदरात दोर बांधायचे खुंट, जे मेंढ्यांसारखे रंगवलेले आहेत, ते उन्हात चमकत होते. दहा मिनिटं. मग तेही भिजले.

नॅना खिडकीशी बसलेल्या. आमच्या बुटांतून पाण्याचा चुबूक चुबूक आवाज येत होता; त्यांनी ते दाराबाहेर ठेवायला सांगितले. टॉवेल दिले. चूल म्हणजे आताचा विजेचा हीटर पायाशी ओढला आणि पत्ते काढले.

“काढली का टोपी त्यानं?”

“नाही, नॅना.”

“तर मग,” त्या पानं पिसत म्हणाल्या, “त्या पोलीस शिपायानं...”

“बुटांची नको,” मुलगी म्हणाली. “तू ती चुलीची सांग. सॅनॉक्सची.”

नॅनांचे हात थांबले. “तिच्यात सांगण्यासारखं काही नाही.”

मुलगी काही बोलली नाही. केस पुसत राहिली. नॅनांनी पत्त्यांचा कॅट सरळ केला, टेबलावर ठेवला, परत उचलला.

“पाऊस किती वेळ आहे?”

मुलीनं फोन पाहिला. “उद्या दुपारपर्यंत.”

“हेन,” नॅना माझ्याकडे वळून म्हणाल्या, “चहा ठेव.”